फासे टाका, पण खिसा सांभाळून!

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं भूत मानगुटीवर बसलं की पहिला वार होतो तो पाकिटावर. कुठलं पुस्तक घ्यायचं आणि कुठलं चक्क सोडून द्यायचं?

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघून झालं, 'बाल्डर्स गेट ३'साठी रात्री जागवून झाल्या आणि आता आपणही टेबलाभोवती बसून खरेखुरे फासे टाकावेत असं वाटायला लागलंय? वेलकम! आठवडाभर हिंजवडी आणि शनिवारी घरी बारामतीला, किंवा इथेच एमआयडीसीत शिफ्ट, असा तुमचा दिनक्रम असेल तर मामला आणखी इंटरेस्टिंग आहे. कारण तुमच्याकडे खरी टंचाई आहे ती एकाच वेळी रिकाम्या असलेल्या चार माणसांची.

ज्यांना अजून पत्ताच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेला हा खेळ. एक जण 'डन्जन मास्टर' म्हणजे डीएम होऊन गोष्ट रंगवतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात. तलवार लागली की हुकली, हे २० बाजूंचा फासा ठरवतो. नाटकवेड्या मराठी माणसाला यापेक्षा जास्त काय समजवायचं?

गडबड होते ती पुढे. मुख्य पुस्तकं तीन : 'प्लेअर्स हॅण्डबुक', 'डन्जन मास्टर्स गाइड' आणि 'मॉन्स्टर मॅन्युअल'. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २०२४ आणि २०२५ मध्ये आल्या. अमेरिकेत एकेकाची छापील किंमत ५० डॉलरच्या घरात. तेवढ्यात चौघं जण भिगवणला जाऊन पोटभर मासे खाऊन येतील! आणि तिन्ही घेतली तरी संपत नाही, कारण मग रांगेत उभ्या असतात सप्लिमेंट्स, म्हणजे पुरवणी नियमांची पुस्तकं.

सप्लिमेंट म्हणजे काय, हे बारामतीकराला सांगणं सोपं आहे. मोरोपंत! अठराव्या शतकात याच गावात राहून पंतांनी १०८ रामायणं रचली असं म्हणतात. त्यातलं 'निरोष्ठ रामायण' प-फ-ब-भ-म ही ओठांची अक्षरं टाळून लिहिलेलं. राम तोच, रावण तोच, नियम तेवढा एक जास्तीचा. पण साधं रामायण ठाऊक असेल तरच त्या जास्तीच्या नियमाची गंमत, हो की नाही?

म्हणून पहिले तीन-चार शनिवार एकही पुस्तक विकत घेऊ नका. अगदी सीरियसली. खेळाचे मूळ नियम 'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट' या नावाने फुकट आणि कायदेशीर मिळतात. २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, २०२५ मध्ये नव्या नियमांची आवृत्तीही त्यात आली. बाराही क्लास (म्हणजे पात्राचे पेशे : फायटर, विझर्ड वगैरे), प्रत्येकाची एकेक शाखा, मंत्र, राक्षस... सगळं आहे. श्रेय दिलंत तर मराठीत उतरवून वाटायलाही मोकळीक आहे. प्रिंटआऊट काढा, फाशांचा एक संच घ्या आणि बसा.

ग्रुप टिकला तर पहिली खरेदी 'प्लेअर्स हॅण्डबुक'ची, तीही वर्गणी काढून. त्यानंतर सप्लिमेंटचा विचार. दोन नावं सगळीकडे ऐकू येतील : 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' (२०१७) आणि 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' (२०२०). दोन्ही जुन्या, २०१४ च्या नियमांसाठी लिहिलेली, पण नव्या नियमांबरोबर चालतात. मात्र दोन्हींतल्या काही लोकप्रिय शाखा २०२४ च्या हॅण्डबुकात आधीच येऊन बसल्यात. त्यामुळे 'नवीन पात्रं मिळतील' एवढ्याच आशेने घेणार असाल तर आधी अनुक्रमणिका पडताळून बघा.

मग निवडायचं कसं? माझं मत विचाराल तर टेबलाकडे बघून. तुमचा डीएम नवखा आहे, वाटेत कोण भेटलं, दुकानदाराचं नाव काय, असं विचारलं की त्याला घाम फुटतो? 'झॅनाथर' घ्या. त्यात वाटेतल्या गाठीभेटींचे तक्ते आहेत आणि शेवटी नावांच्या याद्या. फासा टाकला की नाव तयार. त्यात भारतीय नावांचाही तक्ता आहे!

आणि ऐन वेळी दोघांची शिफ्ट बदलली, टेबलावर डीएम धरून तिघंच उरले, असं वारंवार होत असेल तर 'ताशा'. त्यात 'साइडकिक'चे नियम आहेत. साधंसोपं जोडीदार पात्र घ्यायचं, तेही तुमच्याबरोबर हळूहळू वाढत जातं. दोन खेळाडूंवर शनिवार निभावतो. रद्द झालेल्या शनिवारांनीच बहुतेक ग्रुप मोडतात, त्यामुळे माझं झुकतं माप 'ताशा'ला.

राक्षसांच्या जादा पुस्तकांची घाई नको. २०२५ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येच ५००हून अधिक आहेत. आपला राक्षससुद्धा त्यात १९७७ पासून ठाण मांडून आहे, वाघाचं तोंड आणि उलटे तळहात घेऊन. आपल्याकडे भुताचे पाय उलटे, त्यांच्याकडे राक्षसाचे हात. चालायचंच.

गोष्टींचं पुस्तक घेताना मात्र जाडी बघून भुलू नका. 'कर्स ऑफ स्ट्राड' (२०१६) जबरदस्त आहे, पण महिन्यातून एकदा भेटणाऱ्यांना ते वर्षभर पुरेल आणि मागचं काय झालं तेच कुणाला आठवणार नाही. त्यापेक्षा 'जर्नीज थ्रू द रेडिएंट सिटाडेल' (२०२२) बघा. सुट्ट्या सुट्ट्या १३ गोष्टी. पहिली थेट नवशिक्यांच्या लेव्हलची, रात्रीच्या बाजारात घडणारी. एक कथा कोलकात्याच्या मिमी मोंडल यांची आहे, 'इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा'. नावापासूनच आपल्या मातीतली.

आणि हो, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात २००३ ची ३.५ किंवा २००८ ची चौथी आवृत्ती स्वस्तात सापडली तर चित्रांसाठी खुशाल घ्या. नियम तुमच्या टेबलावर जुळणार नाहीत.