उन्हाळी सल्ला: अझोला लाल पडतोय? युरिया टाकू नका



ऊन तापायला लागलं की अझोलाचे वाफे लाल दिसू लागतात. पिकाचा रंग बिघडला की आपला हात आधी युरियाच्या गोणीकडं जातो. अझोलाला मात्र युरिया द्यायचा नाही. का, ते समजून घ्या.

अझोला ही पाण्यावर तरंगणारी नेचे वर्गातली वनस्पती. तिच्या पानांच्या पोकळीत ॲनाबिना नावाचं निळं-हिरवं शेवाळ राहतं. ते हवेतलं नत्र घेऊन अझोलाला पुरवतं. म्हणजे नत्राची सोय घरचीच आहे. वरून युरिया टाकला तर पाण्यातलं दुसरं शेवाळ माजतं आणि अझोला दबतो. शिवाय हाच पाला जनावरांच्या पोटात जाणार आहे.

मग लाल का पडतो? वाफा नीट बघा.

1) उन्हाच्या बाजूला लाल, सावलीत हिरवा: हा उन्हाचा ताण आहे. अझोलाला 20 ते 30 अंश तापमान मानवतं, 35 च्या वर वाढ मंदावते. वाफ्यावर 50 टक्क्यांची शेडनेट बांधा. नेट नसेल तर तुराट्यांचा विरळ मांडव चालेल. पाणी 10 सेंमी, म्हणजे साधारण अर्धी वीत, कायम ठेवा. आटलेलं पाणी संध्याकाळी भरा. पाइपात तापलेलं पाणी दुपारी सोडू नका.

2) सावलीतही लाल, पानं बारीक, मुळं लांब: इथं स्फुरद कमी पडलाय. 2 मीटर बाय 2 मीटरच्या वाफ्याला दर 5 दिवसांनी 20 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो ताजं शेण पाण्यात कालवून द्या. एकदम मूठमूठभर टाकू नका.

3) मधे तपकिरी, कुजका वास: गर्दी झालीय. थरावर थर चढला की खालचा सडतो. रोज काढणी करा. जनावरांना लागत नसेल त्या दिवशीही काढा, जादाचा खतखड्ड्यात टाका. दर 10 दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला. काढलेलं पाणी परसबागेला घाला, वाया जाणार नाही.

4) पानं गुंडाळलेली, आत अळ्या: फवारणी अजिबात नको. किडका अझोला काढून टाका, वाफा धुऊन नव्यानं भरा.

म्हणूनच विरजण राखा. दह्याला जसं विरजण, तसं अझोलाचंही. एक जुनं टब किंवा अर्धा कापलेला ड्रम झाडाच्या सावलीत ठेवा, तळाला चाळलेली माती, थोडा शेणकाला आणि पाणी घाला, त्यात दोन ओंजळी निरोगी अझोला सोडा. मोठा वाफा गेला तरी यातून पुन्हा उभा करता येईल, बियाण्यासाठी दारोदार फिरावं लागणार नाही.

आता एक हिशेब. वाळलेल्या अझोलात प्रथिनं 25 टक्क्यांच्या आसपास असतात, हे खरं. पण ओल्या अझोलात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. 2 किलो ओला अझोला म्हणजे कोरडा ऐवज साधारण 120 ग्रॅम, आणि त्यात प्रथिनं जेमतेम 30 ग्रॅम. तेव्हा अझोला सुरू केला म्हणून दुभत्या जनावराची सरकी पेंड एकदम बंद करू नका, दूध तुटेल. अझोला हे जोडखाद्य आहे.

खाऊ घालताना जाळीच्या पाटीत घेऊन स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा धुवा, शेणाचा वास गेला पाहिजे. सुरुवातीला मूठभर, आंबोणात मिसळून. सवय झाली की वाढवत मोठ्या जनावराला दिवसाला दीड-दोन किलोपर्यंत.

रंग कशामुळं बदलला ते कळत नसेल तर सकाळच्या उजेडात वाफ्याचा एक आणि हातावर घेतलेल्या अझोलाचा मुळांसकट एक, असे दोन फोटो पाठवा. बघून सांगतो.