चालत्या गाडीतला परकायाप्रवेश

खेळाच्या आतलं : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण मोकळ्या जगाचे खेळ पाहिले. आखून दिलेला रस्ता नाही, सगळं शहर खळ्यासारखं मोकळं, कुठंही जा. त्यावर सेलूच्या एका वाचकाने विचारलं, शहर एवढं मोठं केलं तर खेळणाऱ्याचा निम्मा वेळ इकडून तिकडं जाण्यातच जात असेल की! जातोच. परभणीहून जिंतूरला निघालं की झरी येतं, बोरी येतं, विशेष काही घडत नाही आणि तासभर गेलेला असतो. तसंच हे. गाडीच्या खेळात तर हे जास्तच बोचतं, कारण तिथं चालवण्याशिवाय दुसरं कामच नसतं. आजच्या खेळाने यावर काढलेला तोडगा इतका तिरपागडा आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर मला हसूच आलं होतं.

खेळाचं नाव ‘ड्रायव्हर : सॅन फ्रान्सिस्को’, साल २०११. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रिफ्लेक्शन्स या स्टुडिओने तो केला आणि यूबीसॉफ्टने बाजारात आणला. वसमत रोडला माझी बहीण राहते. तिच्या पोराने पुण्याहून सेकंडहँड एक्सबॉक्स ३६० आणलाय, त्याच्यासोबत आलेल्या डिस्कच्या गठ्ठ्यात हा सापडला. दिवाळीत त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला. पिवळी डॉज चॅलेंजर, पुढे पळणारा चोर आणि मी. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते म्हणजे नुसते चढ आणि उतार. आपण सपाट काळ्या रानातली माणसं. प्रत्येक उतारावर माझी गाडी हवेत जायची आणि खाली येताना कुणाच्या तरी भिंतीवर. चोर हातचा गेला होता.

“मामा, गाडी सोडा आता,” भाचा म्हणाला.

“सोडू म्हणजे? खाली उतरू?”

“उतरायचं नाही. वर या.”

त्याने माझ्या अंगठ्याखालचं बटण दाबलं. इंजिनचा आवाज एकदम खोल गेला, नजर गाडीच्या टपातून वर सरकली आणि रस्ता खाली पडला. सगळी वाहनं काकवीत सापडल्यासारखी हळू झाली. थांबली मात्र नव्हती. चोराची गाडी खाली मुंगीएवढी सरपटत होती आणि समोरून, दुसऱ्या बाजूने, एक भला मोठा ट्रक येत होता. “शिरा त्याच्यात.” शिरलो. क्षणात मी ट्रकच्या केबिनमध्ये, हातात ट्रकचं स्टिअरिंग. जरासं डावीकडे ओढलं, दुभाजक ओलांडला, आणि ज्याच्या मागे पाच मिनिटं धावून दमलो होतो तो चोर आता समोरून माझ्याच तोंडावर आला. पुढचं सांगायला नको.

या युक्तीचं खेळातलं नाव ‘शिफ्ट’. मराठीत तिला तयार शब्द आहे, परकायाप्रवेश.

गोष्ट अशी. जॉन टॅनर हा पोलीस. चार्ल्स जेरिको नावाचा गुंड तुरुंगाच्या गाडीतून निसटतो, त्याचा पाठलाग करताना टॅनरला भीषण अपघात होतो आणि तो कोमात जातो. त्याला मात्र हे कळलेलं नाही. आपण शहरात फिरतोय, फक्त आता कुणाच्याही गाडीत, कुणाच्याही देहात शिरता येतंय, एवढंच त्याला वाटतं. म्हणजे खेळातलं जवळजवळ सगळं शहर दवाखान्यातल्या खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोक्यात आहे. खोलीतल्या टीव्हीवरच्या बातम्या त्याच्या कानावर पडतात आणि त्या शहरात घटना होऊन उगवतात. करामती करून मिळणाऱ्या गुणांनाही खेळात ‘विलपॉवर’ म्हणतात. इच्छाशक्ती. त्यावर गाड्या विकत मिळतात, हे आपल्याकडं कुठल्या शोरूमला पटायचं नाही.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. तिच्यामागे एक जुनी ठेच आहे. ‘ड्रायव्हर’चा पहिला भाग १९९९चा, प्लेस्टेशनवरचा. त्यात माणूस गाडीतून उतरतच नव्हता आणि तीच त्याची ऐट होती. सुरुवातीलाच एका तळघरातल्या पार्किंगमध्ये परीक्षा असायची. मिनिटभरात हँडब्रेकवर गाडी फिरव, रिव्हर्समधून उलटी घाल, खांबांतून नागमोडी काढ. तिच्यात नापास होऊन खेळच सोडून दिलेली माणसं जगभर आहेत. पुढे मोकळ्या शहरात पायी फिरायचे खेळ गाजले, तेव्हा याही मालिकेने २००४च्या तिसऱ्या भागात नायकाला भरपूर पायी चालवलं आणि हातात बंदूक दिली. तो भाग टीकाकारांनी धुऊन काढला. चालणं बेढब, नेमबाजी त्याहून बेढब. मग प्रश्न उरला : नायकाला गाडी तर बदलता आली पाहिजे, पण पाय जमिनीला लावायचा नाही. कसं करणार? स्टुडिओचे संस्थापक मार्टिन एडमंडसन या २०११च्या भागाच्या वेळी सूत्रं सांभाळत होते. त्यांच्या मंडळींनी ड्रायव्हर तोच ठेवला आणि त्याचा देहच बदलला. उतरणं, चालणं, दार उघडणं, सगळं एका बटणात गेलं. सेलूच्या वाचकाचा प्रश्नही तिथंच मिटला. शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचंय? वर या, तिथल्या गाडीत उतरा. सुरुवातीला फार उंच जाता येत नाही, गोष्ट सरकते तशी उंची वाढत जाते आणि शेवटी अख्खं शहर तळहातावर येतं.

आता आपल्याकडचं बघा. परकायाप्रवेश मराठवाड्याला नवा नाही. लीळाचरित्रातली कथा आहे : द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी देह ठेवला आणि भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळ वारला होता, त्याच्या देहात प्रवेश केला. स्मशानात नेलेला हरिपाळ उठून बसला आणि पुढे तेच चक्रधरस्वामी झाले. दुसरी कथा शंकराचार्यांची. ते वारलेल्या अमरू राजाच्या देहात गेले, तेव्हा त्यांचं स्वतःचं शरीर गुहेत शिष्य राखत बसले होते. इकडे राजवाड्यात कुजबुज सुरू झाली की राजा एकाएकी भलताच शहाणा कसा झाला? संशय घट्ट झाला तेव्हा प्रधानांनी राज्यातली बेवारस प्रेतं जाळायचा हुकूम सोडला, म्हणजे आत शिरलेल्याला परतायला देहच उरू नये.

या दुसऱ्या कथेतले नियम त्या न्यूकॅसलच्या खेळाला जसेच्या तसे लागू पडतात. मूळ देह कुठंतरी राखून ठेवावा लागतो, इथं गुहेच्या जागी दवाखाना आणि शिष्यांच्या जागी सलाईन. आणि नव्या देहाची वागणूक बिघडली की शेजारच्याला शंका येते. खेळातली खरी गंमत इथं आहे. टॅनर ज्याच्यात शिरतो त्याच्या शेजारी बऱ्याचदा कुणीतरी बसलेलं असतं. बायको, मित्र, गिऱ्हाईक. आतापर्यंत गप्पा मारत निवांत चाललेला नवरा एकदम शंभराच्या वेगाने फुटपाथवरून गाडी घालतो, तेव्हा ती माणसं जे बोलतात ते ऐकायला भाचा मुद्दाम गाड्या बदलत बसतो. आपल्याकडं याला ‘अंगात आलंय’ म्हणतात. फक्त इथं अंगात येणारे आपण. कॉलेजची फी भरायला रस्त्यावरच्या शर्यती लावणारे दोन जपानी भाऊ आहेत, त्यांच्यात वरचेवर शिरावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्यांची शर्यत जिंकताना आपण पोलिसाचं काम विसरलेलो असतो. अमरूच्या कथेतही शिष्यांना येऊन आठवण करून द्यावी लागलीच.

एका प्रसंगात तर कहर आहे. आपण मागच्या गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांतून पुढे धावणारी टॅनरची गाडी बघतो आणि चालवायची असते ती पुढची गाडी. डावं-उजवं तेच, पण नजर दुसऱ्याची. मी तीनदा आपटलो.

कारागिराच्या बाजूने बघितलं तर ही युक्ती फार महागात पडणारी. साधारणपणे अशा खेळांत रस्त्यावरची बाकीची वाहनं म्हणजे जत्रेतल्या फोटोच्या दुकानातला रंगवलेला पडदा. लांबून गाडी दिसते, जवळ गेलं की आत काही नाही. नायकाच्या चार गाड्या नीट केल्या की भागतं. इथं समोरून येणारी कुठलीही गाडी पुढच्या क्षणी नायकाची होऊ शकते. म्हणून प्रत्येकीला स्वतःचं वजन हवं, इंजिनचा आवाज हवा, आतून दिसणारा डॅशबोर्ड हवा. खऱ्या कंपन्यांच्या, परवाने घेतलेल्या शंभराहून जास्त गाड्या त्यांनी अशा केल्या आणि त्यांच्यासाठी ३२० किलोमीटरहून जास्त रस्ते टाकले. आपण देह सोडला की त्या क्षणी गाडीचा ताबा संगणकाने घ्यायचा आणि काही न घडल्यासारखी ती चालवत राहायची. हे सगळं सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने. त्या काळच्या यंत्रांवर मोकळ्या जगाचे बहुतेक खेळ तिशीवरच धापा टाकत होते.

कथेची मात्र पुढे ओढाताण होते. जेरिकोलाही ही विद्या येते तिथपर्यंत मजा आहे, त्यानंतर स्वप्न कुठलं आणि जाग कुठली याचं स्पष्टीकरण देता देता लेखकांना घाम फुटलेला दिसतो. मधली फुटकळ आव्हानंही पुन्हापुन्हा तीच. आणि हा खेळ आता डिजिटल दुकानांत मिळत नाही. खऱ्या गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात, हे अशा खेळांचं कायमचं दुखणं. जुनी डिस्क ज्याच्याकडं आहे त्याने जपावी.

त्या रात्री लाईट गेली आणि गप्पा सुरू झाल्या. परभणीत शिफ्ट करता आलं तर कुणात शिराल? भाच्याचा मित्र म्हणाला, उसाच्या ट्रॅक्टरमध्ये, दोन ट्रॉल्यांसकट, म्हणजे गंगाखेड रोडला कुणी ओव्हरटेक करायचं नाही. भाचा म्हणाला, एसटीत. मी म्हणालो, एसटीत शिरलास तर शेजारी कंडक्टर असतो, तो तुला पहिल्याच वळणावर ओळखेल.

स्वयंपाकघरातून बहीण मेणबत्ती घेऊन आली. “दादा, मला विचार की.”

“सांग.”

“मी ह्याच्यात शिरते आणि मार्चमध्ये गणिताचा पेपर देऊन येते. तोवर ह्याचं शरीर तू राख.”

भाचा काही बोलला नाही. लाईट आली तसा तो उठला, कंट्रोलर घेतला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वर जाऊन गाडी शोधायला लागला.