घोडा बुजतो तेव्हा रस्त्याचे नियम कोणाचे?

मोटार वाहन कायदा, १९८८ यातल्या कलम १३२ मध्ये एक तरतूद आहे. तिची आठवण गाडी चालवताना फार थोड्यांना असते. जनावर सांभाळणाऱ्याला आपले जनावर आवरेनासे झाल्याची किंवा समोरच्या गाडीमुळे ते बिथरेल अशी भीती वाटली आणि त्याने थांबण्याची खूण केली, तर चालकाने गाडी थांबवलीच पाहिजे आणि गरज असेल तोवर उभी ठेवली पाहिजे. जनावर म्हणजे कोणते, हेही कायद्याने सांगून ठेवले आहे: घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी किंवा शेळी. या यादीत घोडा पहिला आहे. रस्त्यावर मोटारींची गर्दी झालेल्या काळात ही तरतूद जुन्या जमान्याची वाटू शकते. पण घोड्याच्या डोळ्यांवर, कानांवर आणि भीतीवर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत झालेले संशोधन तिच्याशेजारी ठेवून पाहिले, तर ती अतिशय शास्त्रशुद्ध ठरते. घोडा जवळ दिसताच गाडी हळू करणे, अंतर राखून पुढे जाणे आणि हॉर्न न वाजवणे ही चालकाने दाखवलेली मेहेरबानी नाही. घोड्याच्या शरीररचनेतून आणि गतीच्या गणितातून निघणारा तो सरळ निष्कर्ष आहे.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर हा विषय आज महत्त्वाचा आहे. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या दातिवऱ्यापासून कोरे, एडवण, मथाणे करत केळव्याकडे जाणारा रस्ता वाड्यांच्या कुंपणांमधून वळणे घेत जातो. तो पुष्कळ ठिकाणी इतका अरुंद आहे की दोन टेम्पो समोरासमोर आले तर एकाला बाजूला थांबावे लागते. केळव्याच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी पर्यटकांना फिरवणारे घोडे असतात, लग्नसराईत वरातीचा घोडा भर रस्त्यावरून चालतो आणि गुरे तर बारमाही रस्त्यावर असतात. पलीकडे बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे ट्रक आणि टँकरची वर्दळ कायमची आहे. २०२५ साली विरार आणि सफाळ्याजवळचे जलसार यांच्यामध्ये रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईकडच्या गाड्यांना या भागात उतरायला जवळचा मार्ग मिळाला. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत जिल्ह्यातली अवजड वाहतूक आणखी वाढणार हे उघड आहे. रस्ते तेच, जनावरे तीच आणि वाहनांची संख्या व वेग मात्र वाढता, अशा ठिकाणी सवयी आत्ताच लागल्या पाहिजेत.

आधी घोड्याला काय दिसते ते पाहू. त्याचे डोळे जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांमध्ये सर्वांत मोठ्या डोळ्यांत मोडतात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला भोवतालचा सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. या विस्ताराची किंमतही त्याला मोजावी लागते. दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा, म्हणजे अंतराचा नीट अंदाज देणारा भाग समोरच्या साधारण ६५ अंशांपुरताच असतो. बाकीच्या भागात हालचाल चटकन कळते, पण वस्तू कोणती आणि ती किती दूर आहे हे तितके स्पष्ट होत नाही. शेपटीच्या थेट मागे आणि कपाळाच्या अगदी पुढे त्याला काहीच दिसत नाही. मागून सरळ रेषेत येणारी मोटार त्यामुळे आधी दिसतच नाही आणि मग डोळ्याच्या कडेला एकदम प्रकट होते. डोळ्यांवर झापडे बांधलेली असतील तर हे प्रकट होणे आणखी उशिरा आणि आणखी जवळून घडते. रात्रीचा प्रश्न वेगळाच आहे. अंधूक प्रकाशात घोड्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते, कारण त्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. पण उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात सरावायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वरातीच्या घोड्यावर समोरून मोठे दिवे फेकणारा चालक त्याला काही काळ जवळजवळ आंधळा करत असतो.

कानांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे घोड्याला बाजूला करायचे म्हणजे हॉर्न वाजवायचा, असा समज आहे. माणसाला जास्तीत जास्त २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर घोड्याला साधारण ३३ हजार हर्ट्झपर्यंतचा. ब्रेकची जी किंचाळी आपल्याला जेमतेम जाणवते, ती त्याला स्पष्ट ऐकू येते. पण आवाज कुठून आला हे ओळखण्यात तो फार कच्चा आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ रिकी आणि हेन्री हेफनर यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, दोन आवाजांच्या दिशांमध्ये सुमारे २५ अंशांचा फरक असेल तेव्हाच घोड्याला तो ओळखता येतो. माणसाला एखाद्या अंशाचा फरकही कळतो. म्हणजे पाठीमागून कर्कश हॉर्न वाजला की घोड्याला संकट आल्याचे कळते, ते नेमके कोणत्या बाजूने येत आहे हे कळत नाही. शिवाय मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे झाले की त्याची पातळी ६ डेसिबलने वाढते, त्यामुळे अगदी जवळ येऊन वाजवलेला हॉर्न सर्वांत घातक ठरतो. चालकाला वाटते, आपण इशारा दिला. घोड्यापर्यंत मात्र इशारा न पोहोचता फक्त भीती पोहोचलेली असते.

भ्यालेला घोडा विचार करायला थांबत नाही. त्याचे कूळ साडेपाच कोटी वर्षांचे आहे आणि मोकळ्या माळावर शिकारी जनावरांपासून ते वाचले ते आधी पळून, मग मागे वळून पाहून. म्हणूनच बुजलेला घोडा क्षणार्धात बाजूला उडी घेतो, मागे सरतो, लाथ झाडतो किंवा चौखूर उधळतो. नाल ठोकलेला खूर गुळगुळीत किंवा ओल्या डांबरावर घसरतो, त्यामुळे अनेकदा तो नको त्या दिशेला पडतो. आता गाडीचे गणित मांडू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावरही ती थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात. ताशी १५ किलोमीटर वेगाला हेच अंतर साडेसात मीटरच्या आसपास येते. टक्कर झालीच तर ताशी ५० किलोमीटरच्या गाडीतली गतिज ऊर्जा ताशी १५ च्या गाडीपेक्षा अकरा पट असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घोड्याचे पाय लांब असल्याने गाडीचा पुढचा भाग पायांवर आदळतो आणि कित्येक शे किलोचे धड समोरच्या काचेवर येते. हळू जाण्यात चालकाचा स्वतःचा जीवही वाचतो, तो असा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येतो. घोड्यासाठी गाड्या हळू चालू लागल्या तर वाहतूक कशी चालायची? हिशेब केला तर या आक्षेपात फार दम राहत नाही. घोड्याच्या आधीचे आणि नंतरचे मिळून १०० मीटर अंतर ताशी ५० ऐवजी १५ किलोमीटर वेगाने कापले, तर सुमारे १७ सेकंद जास्त लागतात. रस्ता अरुंद असेल आणि पुरेसे अंतर राखून पुढे जाता येत नसेल, तर रुंद जागा मिळेपर्यंत मागे थांबावे लागेल आणि त्यात मिनिट-दोन मिनिटे जातील. ब्रिटनच्या रस्ता-नियमावलीत जानेवारी २०२२ पासून घोड्याजवळून जाताना ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटरच्या आतला वेग आणि किमान दोन मीटर अंतर ठेवण्याची सूचना आहे. घोडा बाजूला उडी घेतो तेव्हा त्याला लागणारी जागा हे त्या दोन मीटरांमागचे कारण आहे. आपला रस्ता अरुंद आहे म्हणून तो नियम आपल्याला लागू नाही, असे म्हणता येणार नाही. रस्ता जितका अरुंद, तितका चुकीला वाव कमी आणि थांबण्याची गरज जास्त.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: घोड्यांनाच मोटारींची सवय लावावी. सवय लागते, हे खरेच आहे. मुंबईत १८७४ ते १९०५ या काळात ट्रामगाड्या घोडेच ओढत होते आणि ते शहराच्या गजबजाटात काम करत होते. पण सवय कशी लागते हेही विज्ञानाने तपासले आहे. डेन्मार्कमध्ये जान्ने विंथर क्रिस्टेन्सेन यांनी तरुण घोड्यांवर केलेल्या प्रयोगांत, भीतीची वस्तू एकदम समोर आणण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने ओळखीची करून दिलेले घोडे अधिक लवकर शांत झाले. शांत, अनुभवी घोडा सोबत असला की नवख्याची भीती कमी होते, असेही त्यांना दिसले. म्हणजे घोड्याला रस्ता शिकवणे हे मोकळ्या जागेत, थोड्या आवाजापासून सुरुवात करून, संयमाने करायचे काम आहे. भर रहदारीत हॉर्न खाऊन घोडा शिकतो ते मोटारीला भिणे. शिवाय सवय झालेला घोडाही अनोळखी गोष्टीला बुजतो. बाराशे साध्या मोटारींना सरावलेल्या घोड्यासमोर फडफडणारी ताडपत्री बांधलेला एखादा ट्रक आला, तर त्याच्या लेखी ते नवेच संकट असते. सवयीने धोका कमी होतो, संपत नाही. स्वीडनमधल्या लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली आणखी एक बाब दाखवून दिली. घोडा घेऊन चालणाऱ्यांना आणि स्वारांना सांगितले गेले की आता समोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही. लगाम धरणाऱ्याला दचकवणे म्हणजे घोड्यालाच दचकवणे.

तिसरा आक्षेप असा की घोड्याला रस्त्यावरूनच हटवावे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये व्हिक्टोरिया या घोडागाड्यांची हौशी सफर बेकायदा ठरवली आणि त्या बंद करण्यासाठी मुदत दिली. घोड्यांचे हाल आणि तबेल्यांची अवस्था पाहता तो निर्णय योग्यच होता. जिथे घोड्याची नीट काळजी घेता येत नाही, तिथे त्याला कामाला लावू नये, हे तत्त्व केळव्यालाही आणि वरातीलाही लागू आहे. पण त्यावरून प्रत्येक रस्ता फक्त मोटारीचा, असा निष्कर्ष निघत नाही. माथेरानने उलटा मार्ग धरला. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात आणि पुढचा रस्ता मुख्यतः पायी चालणाऱ्यांचा व घोड्यांचा आहे. डिसेंबर २०२२ पासून तिथे ई-रिक्षांचा प्रयोग झाला आणि घोडे व यंत्रवाहन एकाच वाटेवर कसे नांदवायचे हा प्रश्न माथेरानलाही आला. विजेवरचे वाहन कमी वेगात फारसा आवाज करत नाही, त्यामुळे ते घोड्याच्या मागे अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. युरोपीय संघाने २०१९ पासून नव्या प्रकारच्या विजेच्या गाड्यांना कमी वेगात सौम्य, सलग आवाज करणे बंधनकारक केले ते पादचाऱ्यांसाठी. दुरून ऐकू येणारा आणि हळूहळू वाढणारा असा आवाज घोड्याच्या कानालाही हॉर्नपेक्षा सोसवणारा आहे.

जबाबदारी एकट्या चालकाची नाही. घोडेवाल्याने अंधारात घोड्याच्या पायांवर आणि खोगिरावर परावर्तक पट्टे लावावेत, नवखा घोडा रहदारीत एकटा आणू नये, वरातीत डीजे आणि फटाक्यांच्या शेजारी तासन् तास घोडा उभा करू नये आणि थांबण्याची खूण ठळकपणे करावी. तरीही चालकाच्या वाट्याला जास्त भार येतो, याचे कारण साधे आहे. ठरवून आणि क्षणात वेग कमी करणे या दोघांपैकी त्यालाच जमते, आणि अपघातातली बहुतेक ऊर्जाही त्याच्याच गाडीने आणलेली असते.

म्हणून पालघरच्या किनाऱ्यावर काही गोष्टी आत्ताच करण्यासारख्या आहेत. केळवे आणि दातिवऱ्याकडे वळणाऱ्या फाट्यांवर घोडे व गुरे यांची सूचना देणारे आणि वेग सांगणारे फलक लागावेत. रो-रोने उतरणाऱ्या पर्यटकांना ही माहिती जेट्टीवरच मिळावी. औद्योगिक वसाहतीतल्या वाहतूकदारांनी चालकांच्या प्रशिक्षणात कलम १३२ शिकवावे आणि शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यावर प्रश्न यावा. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. माणसाने बनवलेल्या यंत्राचा वेग माणसाच्या हातात आहे. घोड्याचा डोळा, कान आणि भीती मात्र कोणत्याही नियमाने बदलत नाहीत. जे बदलता येते ते बदलायचे आणि जे बदलता येत नाही त्याला जागा द्यायची, एवढाच या नियमाचा अर्थ आहे, आणि तो पाळण्यासाठी लागणारे सतरा सेकंद प्रत्येक चालकाकडे असतात.