हिरवळीची ओळख (भाग ७) : क्लब जुना चालेल, ग्रिप ताजी हवी

मागच्या भागात आपण उभं राहण्याची ढब आणि स्विंगची वाट पाहिली. आता पैशांचं बोलू. नामांकित कंपन्यांचे बहुतेक क्लब भारतात आयात होतात. दुकानातल्या कोऱ्या सेटची किंमत ऐकून अनेकांचा उत्साह तिथेच मावळतो आणि ‘हा आपला खेळ नव्हे’ असं ठरवून माणूस मागे फिरतो. असं होऊ नये, म्हणून हा भाग. क्लबचं डोकं जुनं असलं तरी चालतं. तो आपल्या मापाचा असावा आणि त्यावरची ग्रिप ताजी असावी. पैसे याच क्रमाने खर्च करायचे.

नियमांनी आखलेली हद्द

जुना क्लब चालतो, याचं मोठं कारण गोल्फच्या नियमांत आहे. हे नियम दोन संस्था मिळून ठरवतात : स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. १९९१ साली कॅलवेचा ‘बिग बर्था’ ड्रायव्हर आला, तेव्हा त्याचं १९० घनसेंटिमीटरचं डोकं लोकांना अवाढव्य वाटलं होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत टायटॅनियममुळे डोकी त्याच्या दुपटीहून मोठी झाली, पुढचा पत्रा पातळ झाला आणि चेंडू त्यावरून उसळून फार लांब जाऊ लागला. तेव्हा या संस्थांनी हद्द आखली. २००४ पासून डोकं ४६० घनसेंटिमीटरपेक्षा मोठं करता येत नाही आणि २००८ पासून पत्र्याच्या उसळीवरची मर्यादाही जगभर सगळ्यांना लागू झाली.

मोठ्या कंपन्यांचे ड्रायव्हर त्या हद्दीला केव्हाच पोचले आहेत. म्हणून चेंडू पत्र्याच्या मधोमध लागला, तर दहा वर्षांपूर्वीचा ड्रायव्हर आणि यंदाचा ड्रायव्हर यांत हौशी खेळाडूला फारसा फरक जाणवत नाही. कडेला लागलेला फटका नवे क्लब थोडा अधिक सांभाळून घेतात, हे खरं. पण त्या थोडक्यासाठी कित्येक पट किंमत मोजण्याची नवशिक्याला गरज नाही.

व्यावसायिकांचंही उदाहरण पाहा. स्वीडनचा हेन्रिक स्टेन्सन २०१६ साली रॉयल ट्रूनवर ‘द ओपन’ जिंकला, तेव्हा त्याच्या पिशवीतला थ्री वूड काही वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा होता. टायगर वूड्सने आपल्या १५ मेजर विजेतेपदांपैकी १४ एकाच पटरने मिळवली. त्या पटरच्या आकाराचं मूळ १९६६ सालच्या ‘पिंग अँसर’मध्ये सापडतं.

आयर्न : पाठीत खोबण असलेलेच घ्या

हा अँसर घडवणारे कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. डोक्याचं वजन मधोमध एकवटण्याऐवजी दोन्ही टोकांना वाटलं, तर चुकीच्या जागी चेंडू लागूनही डोकं कमी वळतं, हे त्यांनी ओळखलं आणि आधी पटरमध्ये, मग आयर्नमध्ये उतरवलं. पाठीत खोबण आणि कडेने वजन असलेले आजचे ‘कॅव्हिटी बॅक’ आयर्न त्याच विचारातून आले. ते बहुधा ओतीव पोलादाचे असतात, म्हणून घडाईच्या आयर्नपेक्षा स्वस्त पडतात. हौशी खेळाडूचं भाग्य असं, की त्याला जे सोपं जातं तेच इथे स्वस्त मिळतं. सपाट पाठीचे पातळ, देखणे ‘ब्लेड’ आयर्न कुणी फुकट दिले तरी सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. १४ असलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. एक ड्रायव्हर किंवा थ्री वूड, एक हायब्रिड, ७ आणि ९ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढ्यावर पहिलं वर्ष आनंदात जातं. चेंबूरच्या गोल्फ कोर्सशेजारच्या वस्तीतले कॅडी गल्लीबोळांत सळई वाकवून केलेल्या क्लबने खेळत आले आहेत. हात तयार होतो तो सरावाने. पिशवी किती भरलेली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

जुना सेट पारखताना

जुने सेट कुठे मिळतात हे कोर्सवरच्या प्रोला (प्रशिक्षकाला) आणि कॅडींना आधी विचारा. कोण सेट बदलतो आहे, कोणी खेळ सोडला, हे त्यांना पक्कं माहीत असतं. खारघरला सिडकोचं ‘खारघर व्हॅली’ हे गोल्फचं मैदान आहे. अशा मैदानावर दोन फटके मारून पाहू द्या, असं विकणाऱ्याला मोकळेपणाने सांगा. क्लब हातात आला की एवढं तपासा :

डोकं आणि दांडा जिथे जुळतात, तिथलं प्लास्टिकचं कडं सरकलेलं नाही ना? क्लब हलवल्यावर आत खुळखुळ होत नाही ना? ग्रॅफाइटच्या दांड्यावरून नख फिरवा. चीर असेल तर तो नको. स्टीलचा दांडा डोळ्यासमोर धरून वाक बघा. आयर्नवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील, तर किंमत त्या हिशेबाने उतरवा. खिशात लहानसं चुंबक ठेवा. आयर्नचं डोकं चुंबकाला अजिबात दाद देत नसेल, तर ते हलक्या मिश्रधातूचं असल्याची शंका घ्यावी. नवाकोरा ‘ब्रँडेड’ सेट अविश्वसनीय किमतीत मिळत असेल, तर तो बनावट असण्याचीच शक्यता जास्त.

दांड्याचा ताठपणाही पाहा. त्यावर ‘आर’ असेल तर साधारण ताकदीच्या स्विंगसाठी, ‘एस’ असेल तर वेगवान स्विंगसाठी. साठीच्या पुढचे खेळाडू आणि बऱ्याच स्त्रिया यांना हलका, लवचिक ग्रॅफाइट सोपा जातो. शिवाय आयर्नवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या ७ नंबरच्या मुखाचा उतार ३४-३५ अंशांचा असे. आज कित्येक ७ नंबर ३० अंशांच्या आत आले आहेत. म्हणून वेगवेगळ्या सेटमधले सुटे आयर्न जमवताना आकड्याऐवजी अंश विचारा.

ग्रिप : इथे हात आखडू नका

क्लबला आपला हात लागतो तो फक्त ग्रिपवर. ती कडक, चकचकीत झाली की क्लब निसटेल या भीतीने बोटं आपोआप आवळली जातात, मनगटं आखडतात आणि आधीच्या भागांत शिकलेला सैलसर स्विंग नाहीसा होतो. आपण ‘स्विंग बिघडला’ म्हणत राहतो आणि दोष रबराचा असतो. म्हणून जुना सेट घेताना नव्या ग्रिपचा खर्च किमतीतच धरा. नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा, किंवा सुमारे ४० फेऱ्यांनंतर, ग्रिप बदलाव्यात.

माप आधी. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजा. साधारण ७ ते पावणेनऊ इंच असेल तर स्टँडर्ड, त्याहून मोठा असेल तर मिडसाइझ किंवा जंबो, लहान असेल तर अंडरसाइझ. मग क्लब धरून खात्री करा. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याला अलगद टेकली पाहिजेत. ती तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहिली तर जाड. माप अधलंमधलं असेल तर आतल्या टेपचे थर वाढवा. एका थराने जाडी इंचाच्या साधारण चौसष्टाव्या भागाने वाढते. बोटांचे सांधे दुखत असतील, तर थोडी जाड आणि मऊ ग्रिप फार दिलासा देते.

पोताचा विचार आपल्या हवेवरून करा. कोकणपट्टीतल्या घामात आणि जून ते सप्टेंबरच्या ओलाव्यात, रबरात सुताचे धागे विणलेली ‘कॉर्ड’ ग्रिप हातातून सरकत नाही. मात्र ती खरखरीत असते आणि कोवळ्या तळव्यांना टोचते. कोरड्या हवेत साधं मखमली पोताचं रबर स्वस्त आणि पुरेसं.

ग्रिप बदलणं घरी जमतं. क्रिकेटच्या बॅटवर ग्रिप चढवलेल्यांना तर ते कठीण वाटणारच नाही. जुनी ग्रिप वाकड्या पात्याच्या सुरीने, अंगापासून दूर, लांबीने कापा. दांडा ग्रॅफाइटचा असेल तर पातं त्यात रुतू देऊ नका. जुनी टेप खरवडून दोन्ही बाजूंनी चिकटणारी नवी टेप लावा. नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक बोटाने बंद करून आत मिनरल टर्पेंटाइन ओता, हलवा आणि तेच टेपवर सोडा. आता न थांबता एका दमात ग्रिप शेवटपर्यंत सरकवा, खुणा सरळ करा आणि रात्रभर वाळू द्या. काम उघड्यावर, विस्तवापासून लांब करा.

पुढे निगा सोपी आहे : महिन्यातून एकदा कोमट पाणी, सौम्य साबण आणि कोरडा पंचा. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या डिकीत सेट कायमचा ठेवू नका. उष्णतेने रबर लवकर मरतं.

खर्चाचा क्रम

थोडक्यात, आधी प्रोकडून उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतच्या मापाने क्लबची लांबी ठरवून घ्या, मग वर सांगितलेल्या सात क्लबचा जुना हाफ सेट, मग सातही क्लबना मापाच्या ग्रिप. उरलेले पैसे धड्यांवर आणि सरावाच्या चेंडूंवर घाला. ड्रायव्हरची नवी आवृत्ती दरवर्षी येतच राहील. तुमच्या खेळाला तिच्यासाठी थांबण्याची गरज नाही.

पुढच्या भागात : हरवले तरी जिवाला चटका लावणार नाहीत असे चेंडू कसे निवडायचे.