घाटात कोणती चाके बरी?

कात्रजचा जुना घाट दोन जुन्या मोटारी चढत आहेत असे समजा: प्रीमियर पद्मिनी आणि 1983 साली आलेली मारुती 800. दोघींचे इंजिन पुढेच. पण पद्मिनीत लांब फिरत्या दांड्याने शक्ती मागच्या चाकांना मिळते, मारुतीत पुढच्या. सेकंडहँड घ्यायची तर घाटासाठी कोणती बरी?

चाकाची पकड त्यावरील भारावर अवलंबून असते. सपाटीवर मारुतीचा 60 टक्के भार पुढे आहे असे धरू. 10 मीटर रस्त्यामागे 1 मीटर चढ आणि गुरुत्वमध्याची उंची पुढच्या-मागच्या चाकांतील अंतराच्या पाव असेल, तर 1/10 × 1/4, म्हणजे 2.5 टक्के भार मागे सरकतो. पुढे उरतो 57.5 टक्के. मागे माणसे बसली की हा वाटा आणखी घटतो. पद्मिनीला मात्र दोन्हींचा फायदाच!

तरीही 57.5 टक्क्यांवर एकसारख्या वेगाने चढायला घर्षणांक सुमारे 0.17 पुरतो. ओल्या डांबरावर चांगले टायर याहून बरेच अधिक देतात. चिखल आणि झिजलेले टायर मात्र घात करतात. म्हणून आधी टायरच्या खाचा तपासा. उतरताना भार कुठे सरकेल, ते तुम्हीच काढून पाहा.