गुप्त पेटीचें बीजक आणि त्याचे वाचक

पुरून ठेविलेल्या द्रव्याची खूण सांगणारें जें टिपण, त्यास आपल्याकडे बीजक म्हणतात. बीजक लिहिणारास एकाच वेळीं दोन परस्परविरुद्ध हेतु साधावयाचे असतात. योग्य मनुष्यास ठिकाण कळावें हा एक, आणि इतरांस तें कळूं नये हा दुसरा. यामुळें त्याची भाषा कूट होते. आणि भाषा कूट झाली म्हणजे ज्यास जो अर्थ हवा असेल तो त्यास तींतून काढतां येतो. हौशी धनशोधकांच्या साऱ्या खटपटींचें मूळ येथें आहे.

इतिहाससंशोधकाचा या लोकांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. फाटका कागद किंवा झिजलेला शिलालेख हातीं घेतल्यावर संशोधकहि अपुऱ्या खुणांवरूनच अर्थ लावीत असतो. दोघांत भेद आहे तो अर्थ तपासण्याच्या रीतीचा. ही रीति सुटली तर संशोधकाचा धनशोधक होण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून अमेरिकेंतील दोन प्रसिद्ध बीजकांची हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे. पहिलें इ. स. १८८५ सालीं प्रसिद्ध झालें, व त्यांतील धन अद्यापि कोणास मिळालेलें नाहीं. दुसरें २०१० सालीं प्रसिद्ध झालें, व त्यांतील पेटी २०२० सालीं सांपडली.

१. बील याचे तीन कागद

इ. स. १८८५ सालीं व्हर्जिनिया संस्थानांतील लिंचबर्ग येथें एक लहानशी पुस्तिका निघाली. लेखकानें आपलें नांव दिलेलें नाहीं, जे. बी. वॉर्ड नांवाचा गृहस्थ प्रकाशकाचा अभिकर्ता म्हणून पुढें आला. किंमत अर्धा डॉलर. तींतील हकीकत थोडक्यांत अशी. टॉमस बील नांवाचा मनुष्य सुमारें तीस सोबत्यांसह इ. स. १८१७ सालीं पश्चिमेकडे शिकारीस गेला. तेथें सांता फे गांवाच्या उत्तरेस त्या मंडळीस सोन्याचांदीचा सांठा सांपडला. बील यानें तो दोन खेपांत, १८१९ व १८२१ सालीं, व्हर्जिनियांत आणून पुरला, आणि १८२२ सालीं कुलूप लावलेली लोखंडी पेटी लिंचबर्ग येथील खाणावळीचा मालक रॉबर्ट मॉरिस याजपाशीं ठेवून तो निघून गेला. मागाहून सेंट लुई येथून त्याचें पत्र आलें. दहा वर्षें वाट पाहावी, कागदांची किल्ली १८३२ च्या जूनमध्यें एका मित्राकडून पोंचेल, असें त्यांत होतें. किल्ली आली नाहीं, व बीलहि आला नाहीं. मॉरिसनें १८४५ सालीं पेटी फोडली. आंत पत्रें व केवळ अंकांनीं भरलेले तीन कागद निघाले. १८६२ सालीं त्यानें ते एका मित्राच्या स्वाधीन केले. हा मित्र म्हणजेच पुस्तिकेचा लेखक.

तीन कागदांपैकीं दुसरा या लेखकानें उकलिला. त्याची युक्ति साधी आहे. १७७६ सालचा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा घ्यावा. त्यांतील शब्दांस पहिल्यापासून क्रमांक द्यावे. कागदावर जो अंक असेल त्या क्रमांकाच्या शब्दाचें आद्याक्षर लिहावें. येणेंप्रमाणें जो मजकूर निघाला त्यांत म्हटलें आहे कीं, बेडफर्ड परगण्यांत ब्यूफर्ड या ठिकाणापासून सुमारें चार मैलांवर, जमिनीखालीं सहा फूट, दगडांनीं बांधलेल्या तळघरांत लोखंडी भांड्यांतून धन ठेविलें आहे. सोनें २,९२१ रतल, चांदी ५,१०० रतल, आणि १३,००० डॉलर किंमतीचीं रत्नें. तळघराची नेमकी जागा पहिल्या कागदांत, व सोबत्यांचीं आणि त्यांच्या वारसांचीं नांवें व राहण्याचीं ठिकाणें तिसऱ्या कागदांत दिलीं आहेत.

हे पहिला व तिसरा कागद अद्यापि कोणास सर्वमान्य रीतीनें वाचतां आलेले नाहींत.

२. धनशोधकांची वाचनपद्धति

रोआनोक येथील हार्ट बंधूंनीं १८९७ च्या सुमारास हें काम हातीं घेतलें. अंकांशीं झगडून यश न आल्यावर त्यांनीं अंगांत येणाऱ्या एका माध्यमाची मदत घेतली व रात्रीं कंदील घेऊन खणती केली. हातीं दगडमातीच आली. तेव्हांपासून बेडफर्ड परगण्यांतील डोंगरउतारांवर खड्डे खणणारांची परंपरा तुटलेली नाहीं. १९८३ सालीं तर परवानगीवांचून प्रार्थनामंदिराच्या आवारांतील कबर उकरल्याबद्दल एका धनशोधकास अटक झाली.

या सर्वांची विचारसरणी तपासतां एक गोष्ट ध्यानांत येते. दुसऱ्या कागदाच्या उकलींत जाहीरनाम्याच्या शब्दांची मोजणी कांहीं ठिकाणीं चुकलेली आहे. लेखकानें कोठें शब्द गाळले, कोठें क्रमांक पुढेंमागें झाला. ही चूक खरी आहे, आणि दाखवितां येते. परंतु पुढील प्रत्येक वाचकानें हिचाच परवाना केला. आपण निवडलेल्या ग्रंथाप्रमाणें पहिल्या कागदांतून अक्षरें जुळत नाहींत असें दिसलें कीं, "येथें बील मोजतांना चुकला असावा," असें म्हणून तो अंक बदलतो. दहा चुका मानल्या म्हणजे एखादा शब्द निघतो. पन्नास मानल्या म्हणजे वाक्य निघतें. आणि जें निघतें तें बहुधा वाचकाच्या मनांत आधींच असलेल्या टेकडीचें वर्णन असतें. जेथें चूक मानण्यास मर्यादा नाहीं, तेथें कोणताहि अर्थ खोटा ठरत नाहीं. आणि जो खोटा ठरूंच शकत नाहीं, त्यास खरा म्हणण्यांतहि अर्थ राहत नाहीं.

३. कागद अस्सल आहे काय?

धनशोधक पहिला प्रश्न विचारतो, "याचा अर्थ काय?" संशोधकाचा पहिला प्रश्न निराळा असतो: "हा कागद कोणाचा?" बीलच्या कागदांस हा प्रश्न विचारल्यावर जें दिसतें तें असें.

पहिलें, साक्ष एकच आहे. बील याचीं मूळ पत्रें व अंकांचे मूळ कागद आज उपलब्ध नाहींत. जें आहे तें सारें १८८५ च्या पुस्तिकेंत, म्हणजे घटनेनंतर साठांहून अधिक वर्षांनीं छापलेलें. ज्या गृहस्थानें हकीकत सांगितली त्यानेंच तिचा पुरावा छापिला, व तोच विकला.

दुसरें, बाह्य पुराव्याशीं विरोध. पुस्तिकेप्रमाणें मॉरिस १८२० सालीं ती खाणावळ चालवीत होता. परंतु समकालीन नोंदींवरून ती त्याच्या हातीं १८२३ पूर्वीं आलेली दिसत नाहीं. ज्या जागीं बील यानें त्यास पेटी दिली म्हणतात, तेथें तो त्या वेळीं मालक म्हणून नव्हताच.

तिसरें, भाषेचा पुरावा. १८२२ सालच्या म्हणून दिलेल्या पत्रांत जनावरांचा कळप उधळणें या अर्थीं 'स्टँपीड' हा शब्द आला आहे. तो स्पॅनिश भाषेंतून इंग्रजींत आलेला असून त्याचे छापील दाखले त्या तारखेनंतरचे आहेत. शिवाय बीलच्या पत्रांची वाक्यरचना व पुस्तिकाकाराची स्वतःची वाक्यरचना यांत विलक्षण साम्य आहे. जो निकेल यांनीं १९८२ सालीं व्हर्जिनियाच्या ऐतिहासिक त्रैमासिकांत या मुद्द्यांची चर्चा केली आहे. शिवकालीन म्हणून पुढें केलेल्या कागदांत उत्तर पेशवाईंतील शब्द आढळला असतां आपण जें अनुमान करतों, तेंच येथेंहि करावें लागतें.

चौथें, साधें गणित. तिसऱ्या कागदांत ६१८ अंक आहेत. एका अंकाचें एक अक्षर. तीस सोबत्यांत वांटणी केल्यास प्रत्येकास वीस अक्षरांहून किंचित् अधिक येतात. तेवढ्यांत मनुष्याचें नांव, वारसाचें नांव व राहण्याचें ठिकाण कसें मावावें?

पांचवा मुद्दा सर्वांत मार्मिक आहे. जेम्स गिलॉग्ली यांनीं १९८० सालीं दाखविलें कीं, पहिल्या कागदास तोच स्वातंत्र्याचा जाहीरनामा लावला तर मजकूर निघत नाहीं. परंतु एके ठिकाणीं सुमारें वीस अक्षरांची अशी ओळ निघते कीं, तींत दोनतीन अक्षरें सोडल्यास बाकीचीं इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानें येतात. योगायोगानें असें घडणें जवळजवळ अशक्य. अर्थशून्य अंक भरतांना कोणी कंटाळून जाहीरनाम्याच्या यादीवरून ओळीनें अक्षरें घेत गेला असावा, असें त्यावरून दिसतें. याच्या उलट, ही दुहेरी सांकेतिक रचनेची खूण आहे असें म्हणणारेहि आहेत. त्यांचें म्हणणें अशक्य नाहीं. पण त्यांनीं ती दुसरी रचना उलगडून दाखविलेली नाहीं.

यावरून आमचें मत असें कीं, बीलची हकीकत बहुतांशीं कल्पित असावी. पुस्तिकाकारानेंच वाचकांस एक सल्ला दिला आहे, तो मात्र अस्सल वाटतो. आपल्या उद्योगधंद्यांतून वेळ उरला तरच या कामीं घालावा, नाहींतर याच्या वाटेस जाऊं नये, असा त्याचा आशय आहे. त्याच्या वाचकांनीं सारी पुस्तिका खरी मानली, आणि तेवढें एक वाक्य सोडून दिलें.

४. फेन याची पेटी

दुसरें बीजक याच्या उलट. सांता फे येथील चित्रें व पुराणवस्तूंचे व्यापारी फॉरेस्ट फेन यांनीं २०१० सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. त्यांतील चोवीस ओळींच्या एका कवितेंत नऊ खुणा असून, त्या क्रमानें लाविल्यास रॉकी पर्वतांत ठेविलेल्या कांस्य पेटीपर्यंत मनुष्य पोंचेल, असें त्यांनीं जाहीर केलें. पेटींत सोन्याचीं नाणीं, सुवर्णखंड व अलंकार होते. पेटी होती, ती ठेवणारा हयात होता, आणि तो प्रश्नांस उत्तरेंहि देत असे. एवढें असूनहि अर्थांचा सुकाळ झाला. उष्ण पाणी जेथें थांबतें अशा आशयाची पहिली खूण होती. कोणी तीस उष्णोदकाचा झरा म्हटलें, कोणी नद्यांचा संगम, कोणी धरण. प्रत्येकास आपल्या अर्थाची खात्री होती.

या खात्रीचें मोल भयंकर पडलें. २०१६ ते २०२० या काळांत या शोधापायीं निदान पांच माणसांनीं प्राण गमावले. कोणी नदीच्या प्रवाहांत, कोणी हिवाळ्यांतील थंडींत. फेन यांनीं वारंवार सांगितलें होतें कीं, आपण सुमारें ऐशींच्या वयांत पेटी ठेविली. म्हाताऱ्यास जेथें जातां येणार नाहीं तेथें ती शोधूं नका. लेखकाचें वय हा या बीजकाच्या बाहेरचा, पण सर्वांत बळकट पुरावा होता. कवितेच्या प्रत्येक शब्दाचा कीस काढणारांनीं नेमका तोच बाजूस ठेविला. यलोस्टोन उद्यानांतील जुन्या लष्करी ठाण्याच्या कबरस्तानांत एकानें पेटीसाठीं खड्डे खणले. त्यास २०२१ सालीं सहा महिन्यांची कैद झाली. पेटी तेथें नव्हती. त्या भूमीची मात्र हानि झाली.

पेटी २०२० च्या जूनमध्यें वायोमिंग संस्थानांत सांपडली, व त्याच वर्षीं सप्टेंबरांत फेन वारले. शोधक वैद्यकाचा विद्यार्थी होता. आपली रीति त्यानें पुढें सांगितली, ती मनन करण्याजोगी आहे. कवितेंत गुप्त आकडेमोड किंवा अक्षरांचे खेळ न शोधतां, फेन यांच्या मुलाखती व लेख वाचून हा मनुष्य कसा बोलतो, त्यास कशाचें प्रेम आहे, कोणता शब्द तो कोणत्या अर्थानें वापरतो, हें त्यानें समजून घेतलें. म्हणजे त्यानें शब्दांचा अर्थ आपल्या पदरचा घातला नाहीं, लेखकाकडून घेतला. संशोधकाची रीति ती हीच.

५. आपल्याकडील बीजकें

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाहीं. महाराष्ट्रांत व कोंकणांत शिलाहार व यादव काळांतील जे गद्धेगाळ आढळतात, त्यांच्या माथ्यावर चंद्रसूर्य असतात. त्यांचा अर्थ, दिलेलें दान चंद्रसूर्य आहेत तोंवर चालावें, इतकाच आहे. खालील गर्दभाची आकृति हें दान मोडणारास दिलेल्या शापाचें चित्र होय. परंतु गुप्तधनाच्या मागें लागलेला मनुष्य चंद्रसूर्यांस दिशांची खूण समजतो व दगड उपटून खालची जमीन खणतो. वीरगळ, मंदिरांचे उंबरठे, गडांवरील समाध्या यांचीहि हीच गति होते. दगड जागेवरून हलला कीं तें दान कोणत्या गांवच्या कोणत्या भूमीचें, हें सांगणारा पुरावा कायमचा जातो. धन मिळत नाहीं, आणि इतिहासाचें खरें धन मातींत मिळतें. या नादांत माणुसकीहि सुटते. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या कायद्यांत गुप्तधनाच्या शोधार्थ केलेल्या अमानुष अघोरी कृत्यांचा निर्देश करावा लागला.

ज्यास खरोखरच पुरलेलें द्रव्य सांपडेल त्याचा मार्ग १८७८ च्या निधिविषयक कायद्यानें सांगितला आहे. दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि मिळाल्यास त्याची लेखी खबर कलेक्टरास द्यावी लागते. परंतु खबर देण्यापूर्वीं, किंबहुना कुदळ उचलण्यापूर्वीं, प्रत्येकानें आपल्या बीजकास तीन प्रश्न विचारावे. हा लेख अस्सल आहे कशावरून? लिहिणारानें हे शब्द कोणत्या अर्थानें वापरले? आणि माझा अर्थ चुकीचा असेल तर तें मला कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नास ज्याच्याजवळ उत्तर नाहीं, त्यानें कुदळ खालीं ठेवावी. आपल्या दप्तरांत बसून जुने कागद लावणारांसहि हाच नियम लागू आहे.