मौद्यात कुत्रा पाळताय? कायदाही पाळा!

● साखळी : फाटकाशी तोकड्या किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे, पुरेसे अन्न-पाणी वा निवारा न देणे, विनाकारण वाऱ्यावर सोडणे ही क्रूरताच (प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, कलम ११). गोठ्यातल्या बैलालाही हेच संरक्षण.

● दंड : पहिल्या गुन्ह्याला अवघे १० ते ५० रुपये. कित्येक दशकांचे हे आकडे आजही तसेच.

● लस : लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी मालकाची जबाबदारी (प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३). मोकाट कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण नगरपंचायतीकडे.

● चावा : पाळीव जनावरापासून कुणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही (भारतीय न्याय संहिता, कलम २९१).